उभ्या माणसाचा फिंजान

शेख राशिद यांच्या घरी इंग्लंडच्या राजवाड्यातला एक लॉर्ड येणार अशी बातमी आली, तेव्हा सगळ्यांत जास्त अंगात आलं ते आचारी खुर्शीदच्या. श्रीवर्धनकडचा हा माणूस. जन्मात कधी इंग्रज जवळून पाहिला नव्हता, पण लॉर्ड जणू याच्याच शेजारच्या वाडीत राहतो अशा थाटात वर्णन करू लागला. मखमली अंगरखा असणार, टोपीला पीस असणार, काठीला सोन्याची मूठ असणार.

"आनि मागं दोन नोकर असतील बघा नूरुभाय," तो म्हणाला. "एक छत्री धरायला, एक नाक पुसायला."

नूरुद्दीन फिंजान पुसत हसला. फिंजान म्हणजे कान नसलेला इवलासा पेला; त्यातून गहवा, म्हणजे वेलदोड्याची पिवळसर अरबी कॉफी, प्यायची. म्हसळ्याहून सौदीतल्या हुफूफला येऊन त्याला अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षं त्याचं काम एकच होतं: शेख राशिद यांच्या मजलिशीत गहवा देणं. मजलिस म्हणजे घराचा तो लांबलचक दिवाणखाना, जिथे भिंतीकडेने गाद्या-तक्के मांडलेले. दुपारच्या नमाजानंतर तिथे कोणीही यावं, बसावं, आपलं गाऱ्हाणं सांगावं. शेखसाहेबांच्या खजुराच्या बागा होत्या, खजूर भरायची थंड गोदामं होती, आणि सरकारी कचेऱ्यांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यामुळे दिवाणखाना कधी ओस पडत नसे.

लॉर्ड टेलवर्थ आले ते डिसेंबरच्या अखेरीस. उंच, काटकुळे, साठी उलटलेले. अंगातल्या कोटाच्या कोपरांना चामड्याची ठिगळं होती. बूट जुने, पण असे चकचकीत की मालकाने स्वतः घासलेत हे दुरूनही कळावं. छत्रीवाला नाही, नाक पुसणारा नाही. बरोबर एक तरुण मेजर तेवढा होता, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारा. खुर्शीदने दाराच्या फटीतून पाहिलं आणि त्याचं तोंडच पडलं.

"नाव सोनूबाई आनि हाती कथलाचा वाळा," तो पुटपुटला आणि मसाला कुटायला निघून गेला.

पण नूरुद्दीनने पाहिलं ते वेगळंच. माणसाची पारख करायला त्याला कोट लागत नसे, हात पुरत. इतके गोरे साहेब त्या गादीवर येऊन गेले. कोणी डाव्या हाताने फिंजान धरला, कोणी पायाचे तळवे शेखसाहेबांकडे करून बसला, कोणी गहव्यात साखर मागितली. या माणसाने उजव्या हाताने पेला घेतला, तीन घोट प्यायला, आणि तिसऱ्यानंतर मनगट किंचित हलवून परत दिला. पुरे, हे सांगायची तीच रीत. आणि देताना पेला अशा कलाने धरला की घेणाऱ्याला वाकावं लागू नये. ही शेवटची गोष्ट कोणी शिकवत नाही. ती ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला दिलं-घेतलं आहे, त्यालाच सुचते.

लॉर्डसाहेब तरुणपणी फौजेत असताना आखाताच्या किनाऱ्यावर चार वर्षं राहिले होते, तिथेच अरबी शिकले. पुढे एकतीस वर्षं राजवाड्यात. परदेशचे पाहुणे आले की कोणाला कुठे बसवायचं, काय वाढायचं, काय बोलायचं नाही, हे सगळं बघायचे. आता सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये ठाण मांडून बसलं होतं, लढाई उंबऱ्यावर होती, आणि इंग्रजांच्या फौजी दवाखान्याला औषधं ठेवायला शेखसाहेबांची थंड गोदामं हवी होती. शेखसाहेब घाई करणाऱ्याला उभं करत नसत. म्हणून रियाधहून हा म्हातारा पाठवला होता.

म्हाताऱ्याला घाई नव्हतीच. रोज यायचे, शेजारी बसायचे, घोड्यांबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे. मेजर घड्याळ बघायचा. शेखसाहेबांना लॉर्ड भलताच आवडला होता, आणि तेही मजेत वाट बघत होते की हा फिंजान कधी खाली ठेवतो.

कारण मागणं मागायची तिथली पद्धत तशी होती. पाहुण्याला यजमानाकडे खरंच काही मोठं मागायचं असेल, तर दिलेला गहवा त्याने प्यायचा नाही, फिंजान समोर गालिच्यावर ठेवून द्यायचा. मग यजमानाने विचारायचं, काय हवंय? आणि शक्य असेल तर म्हणायचं, पी. पी म्हटलं की दिलं. फिंजान तसाच निवत राहिला तर ती यजमानाच्या घराण्याला खाली मान घालायला लावणारी गोष्ट. नूरुद्दीनने असे शेकड्यांनी फिंजान निवताना आणि रिकामे होताना पाहिले होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दम्मामहून इब्राहीम टॅक्सीवाला आला आणि त्याने मागच्या दाराशी नूरुद्दीनच्या हातात एक घडी केलेला कागद ठेवला. अक्षर झयानचं होतं, त्याच्या एकुलत्या मुलाचं.

झयान कुवेतला एका कापडाच्या दुकानात होता. ऑगस्टपासून त्याचा पत्ता नव्हता. गावाकडे मैमुना, नूरुद्दीनची बायको, दर पत्रात एकच ओळ लिहून घ्यायची: झयानची काही खबर? आणि नूरुद्दीन दर पत्रात लिहायचा, अल्ला मालिक आहे. आता खबर आली होती. पोरगा पाच महिने तिथेच लपून राहिला होता, आणि शेवटी एका भटक्या बदू कुटुंबाच्या ट्रकमध्ये बसून वाळवंटातून सौदी हद्दीत आला होता. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरीवर बोलावून घेणाऱ्या मालकाकडे, आणि कफील पळून गेलेला. तेव्हा कागदपत्रं नसलेल्या चाळीसएक जणांबरोबर त्याला दम्मामबाहेर एका आवारात ठेवलं होतं. आठ दिवसांत सगळ्यांना उत्तरेकडच्या छावणीत हलवणार होते, सरहद्दीजवळ, जिथे लढाई पेटणार हे शेंबडं पोरही सांगू शकत होतं. कोणी सौदी माणूस जामीन राहिला तरच सुटका. खाली लिहिलं होतं, अब्बा, तुमच्या शेखसाहेबांना सांगा.

सांगा! तिथेच तर घोडं अडलं होतं. नोव्हेंबरात घरातल्या एका माळ्याच्या रडण्याला भुलून शेखसाहेब अशाच एकाला जामीन राहिले होते. तो बाबा तिसऱ्या दिवशी गायब झाला, आणि शेखसाहेबांना कचेरीत जाऊन उत्तरं द्यावी लागली. परत येऊन त्यांनी सगळ्या नोकरांसमोर सांगून टाकलं: यापुढे माझ्या घरातल्या नोकराने कोणासाठीही रदबदली आणायची नाही. आणली तर तोही घरी जाईल. खलास.

तरी नूरुद्दीनने कारकून फकरुद्दीनच्या कानावर घालून पाहिलं. फकरुद्दीनने चष्म्यावरून बघितलं. "शेखसाहेबांचा शब्द तुम्ही ऐकला होता ना, नूरुद्दीनभाई? मग मला का मरवता?" एवढं म्हणून त्याने फाईल मिटली.

त्या दुपारी नूरुद्दीन नेहमीसारखा दल्ला, म्हणजे गहव्याची ती लांब चोचीची पितळी किटली, डाव्या हातात घेऊन उभा राहिला. उजव्या हातात एकात एक घातलेले फिंजान. डोळ्यांसमोर पोराचं अक्षर. लॉर्डसाहेबांनी हात पुढे केला, त्याने ओतलं, आणि ओततच राहिला. फिंजान काठोकाठ भरला.

 गहवा कधीही तळापुरताच ओततात. काठोकाठ भरलेला फिंजान म्हणजे पाहुण्याला तोंडावर सांगणं: पी आणि चालता हो. शेखसाहेबांच्या पाहुण्याचा असा अपमान त्या घरात कोणी केला नव्हता, आणि केला कोणी, तर अठरा वर्षं गहवा देणाऱ्या नूरुद्दीनने.  शेखसाहेबांचा चेहरा लाल व्हायला लागला होता.

लॉर्ड टेलवर्थ यांनी तो कढत गहवा एका दमात पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी आलं असेल, पण आवाज सरळ होता.

"राशिद, रागावू नका. मीच सकाळी तुमच्या माणसाला सांगितलं होतं. आमच्या थंड देशात पेला भरून देतात. म्हटलं, हाडं गारठलीत, आज एकदा माझ्या गावच्यासारखा दे. तुमच्या रीतीत बसत नाही हे तो बिचारा सांगत होता."

शेखसाहेब आधी बघत राहिले, मग खदाखदा हसले, आणि मजलिस पुन्हा चालू झाली. लॉर्डसाहेब सकाळी काहीएक बोलले नव्हते. सकाळी ते आलेच नव्हते.

मजलिस उठल्यावर नूरुद्दीन मागच्या खोलीत फिंजान विसळत होता, तोच दारात ती उंच आकृती आली. नूरुद्दीन हात पुसत पुढे झाला, पण लॉर्डसाहेब तिथल्याच खोक्यावर बसले आणि त्यांनी एक ओला पेला उचलून फडक्याने पुसायला घेतला. सफाईने, आतून बाहेर.

"तुमचा हात चुकणारा नाही," ते म्हणाले. "आज का चुकला?"

नूरुद्दीनने आधी काही नाही म्हटलं. मग कागद काढला, वाचून अरबीत सांगितला, आणि सांगता सांगता रडला. पन्नाशीचा बाप्या परक्या माणसासमोर रडला याची त्याला नंतर लाज वाटली, पण त्या क्षणी इलाज नव्हता.

"तुम्ही फिंजान का नाही ठेवत शेखसमोर?"

"मी कुठला ठेवू, लॉर्डसाहेब? फिंजान बसलेल्या माणसाच्या हातात असतो. मी उभा असतो."

 लॉर्डसाहेब पेला पुसतच बोलू लागले. ते घरातले तिसरे चिरंजीव. दोन्ही थोरले भाऊ मागच्या महायुद्धात गेले म्हणून पदवी यांच्या गळ्यात आली, पदवीबरोबर एक गळकं मोठं घर आलं. घर पुढे शाळेला देऊन टाकलं. राजवाड्यात चाकरी धरली आणि ती मनापासून केली. एकतीस वर्षं राणीसाहेबांच्या खुर्चीच्या मागे उभे राहिले, पण स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. त्याचा त्यांना अभिमान होता.

"मग एके दिवशी परदेशच्या एका राजाला मेजवानी होती. दीडशे पाहुणे. मासे वाढून झाले होते, तेव्हा मला चिठ्ठी आली. बायकोची तब्येत फार बिघडलीय, लगेच या. खुर्चीपर्यंत दोन पावलं होती. वाकून कानात एक वाक्य बोललो असतो तर त्यांनी मला स्वतः दारापर्यंत सोडलं असतं. पण खुर्चीमागच्या माणसाने मागायचं नसतं. मी फळं वाढेपर्यंत उभा राहिलो. घरी पोचलो तेव्हा ती गेली होती, नर्स खिडक्या उघडत होती."

त्यांनी पुसलेला पेला बाकीच्यांच्या रांगेत ठेवला.  लॉर्डसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. या माणसाला कोटावरून मोजलं म्हणून नूरुद्दीनला खुर्शीदचा मनस्वी राग आला.

पुढचे चार दिवस तसेच गेले. घरांच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, विषारी वायूचे मुखवटे वाटले गेले, आणि खुर्शीद मुखवटा घालून कांदा चिरायला लागला कारण डोळे झोंबत नाहीत. पाचव्या दिवशी मेजर तणतणतच आला. रियाधहून निरोप होता: गोदामांचा निकाल आज हवा.

शेखसाहेब मात्र खुशीत होते. नूरुद्दीनने पहिला फिंजान लॉर्डसाहेबांसमोर धरला तेव्हा शेखसाहेब मिशीत हसले. "टेलवर्थ, आज ठेवा तो खाली. तुम्ही कधी मागताय म्हणून मी दहा दिवस वाट बघतोय."

लॉर्डसाहेबांनी फिंजान घेतलाच नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते कष्टाने उठले आणि नूरुद्दीनच्या हातातला दल्ला धरला. नूरुद्दीनला काही कळेना, तो दल्ला सोडेना. म्हाताऱ्याने त्याची बोटं हळूच सोडवली, फिंजानांची चळत काढून घेतली आणि म्हटलं, "बसा."

"कुठे?"

"माझ्या जागेवर."

ती जागा शेखसाहेबांच्या उजव्या हाताची. नूरुद्दीन गादीच्या कडेला टेकला. लॉर्ड टेलवर्थ त्याच्यासमोर कमरेत वाकले. दल्ला डाव्या हातात, फिंजान उजव्या हातात. उंचावरून बारीक धार, तळापुरता गहवा, एक थेंब बाहेर नाही. राजांना वाढणाऱ्या हातांनी त्यांनी तो पेला म्हसळ्याच्या नूरुद्दीनपुढे धरला आणि म्हटलं, "तफद्दल." घ्यावा.

नूरुद्दीनने घेतला.  पण त्याने तो तोंडाकडे नेलाच नाही. समोर गालिच्यावर ठेवला.

"शेखसाहेब, हा नोकर आहे, तुमचा हुकूम..." कोपऱ्यातून फकरुद्दीन उठलाच. शेखसाहेबांनी हात वर केला. तो तसाच खाली बसला.

शेखसाहेबांनी लॉर्डकडे बघितलं, मग त्या पेल्याकडे. हुकूम नोकरासाठी होता. समोर बसला होता तो पाहुणा, आणि पाहुण्याचा फिंजान खाली होता. स्वतःच्या घरात बसून वाडवडिलांची रीत मोडणं त्यांना शक्य नव्हतं.

"बोल, पाहुण्या," ते म्हणाले.

रात्रंदिवस मनात घोळवलेलं भाषण होतं, त्यातलं नूरुद्दीनला काही आठवलं नाही. माझा मुलगा दम्मामला अडकलाय, त्याचे कागद नाहीत, परवा त्याला उत्तरेला नेणार, तुम्ही जामीन राहा. एवढंच बोलला.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"पाच दिवस झाले."

"पाच दिवस तू माझ्यासमोर उभा होतास?"

"उभाच होतो, शेखसाहेब."

शेखसाहेबांनी मान खाली घातली. त्या बड्या माणसाला कोणी तसं पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, "पी."

नूरुद्दीन प्यायला. अठरा वर्षं जो गहवा त्याने दुसऱ्यांना दिला, तो त्या गादीवर बसून त्याने पहिल्यांदा प्यायला, आणि रडत रडत प्यायला.

"आणि तुमची गोदामं?" शेखसाहेबांनी नंतर विचारलं. लॉर्डसाहेब तोवर पुढच्या पाहुण्यासमोर वाकले होते.

"एका बैठकीत एक मागणं पुरे, राशिद," ते ओतता ओतता म्हणाले. "शिवाय मी सध्या कामात आहे."

हशा पिकला. मेजर तेवढा हसला नाही. लॉर्ड टेलवर्थ यांनी रांगेतल्या प्रत्येकाला, शेवटच्या उंटवाल्यापर्यंत, त्याच रीतीने गहवा दिला. नूरुद्दीन उठू पाहत होता, तर शेखसाहेबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवून ठेवलं.

मेजरने त्याच संध्याकाळी रियाधला फोन लावला. राणीच्या दरबारचा माणूस नोकराला गादीवर बसवून स्वतः कॉफी वाटतो, आणि सरकारचं काम बाजूला पडतं, हे वरच्यांना मानवण्यासारखं नव्हतंच. लॉर्डसाहेबांना परत बोलावल्याचं पत्र आलं. गोदामं शेखसाहेबांनी तिसऱ्या दिवशी दिली, ती लॉर्डच्या खातर, पण कागदावर नाव मेजरचं लागलं. हे सगळं फकरुद्दीनकडून कळलं तेव्हा नूरुद्दीन तडक लॉर्डसाहेबांकडे गेला.

"माझ्यामुळे तुमची चाकरी डागाळली, लॉर्डसाहेब."

"डाग नाही," लॉर्डसाहेब म्हणाले. "मागच्या वेळी दोन पावलं टाकायची राहिली होती. या वेळी टाकली."

शेवटच्या दुपारी ते निरोप घ्यायला मजलिशीत आले. बाहेर गाडी भरून तयार होती. नूरुद्दीनने ठरवलं होतं की आज त्यांना आपल्या हातचा उत्तम गहवा द्यायचा. वेलदोडा त्याने स्वतः निवडला, केशर दोन काड्या जास्त घातलं. दाराकडून सुरुवात करून तो एकेक पाहुणा करत त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी त्याच्या हातातून रिकामा फिंजान घेऊन पुढे धरला. नूरुद्दीनने दल्ला तिरका केला.

अंगणात टॅक्सी थांबली. इब्राहीमचा आवाज आला, आणि दिवाणखान्याच्या दारात एक पोरगा येऊन उभा राहिला. केस कातरलेले, गालफडं बसलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. चपला काढाव्यात की नाही, आत यावं की नाही, ते त्याला कळत नव्हतं.

गहवा देणारा रांग अर्ध्यावर सोडत नाही. घराला आग लागली तरी आधी रांग पुरी करतो, असं नूरुद्दीन स्वतःच नव्या पोरांना शिकवत आला होता. त्याने लॉर्डसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी रिकामा फिंजान मागे घेतला आणि आपल्या मांडीवर पालथा ठेवला, जणू म्हणाले, जा.

नूरुद्दीनने दल्ला तिथेच गालिच्यावर टेकवला. शेखसाहेबांकडे बघितलं नाही, परवानगी मागितली नाही. भरल्या मजलिशीतून तो पळत सुटला आणि त्याने पोराला दारातच कवळलं. झयानच्या हाडांचा नुसता सापळा त्याच्या हाताला लागला.

 झयानने बापाच्या खांद्यावरून आत पाहिलं. मधोमध एकटा दल्ला, रांगेत खोळंबलेले पाहुणे, आणि एक म्हातारा गोरा साहेब कोटाच्या बाहीने डोळे पुसत बसलेला.

"अब्बा," तो घाबरून म्हणाला, "मजलिस चालू हाय. तुमी काम सोडून आलाव?"

"आलो रे बाबा," नूरुद्दीन म्हणाला. "सोडून आलो."